रिबॉन्डिंग सोडून मूळ कुरळ्या केसांकडे: मधला जोड कसा सांभाळायचा

रिबॉन्डिंग केलेला, म्हणजे रसायनाने कायमचा सरळ केलेला, केस पुन्हा कुरळा होत नाही. तेलाने होत नाही, अंड्याने होत नाही, आणि ‘रिपेअर’ म्हणून जो महागडा मास्क विकला जातो त्यानेही होत नाही. मूळ केस परत मिळतो तो फक्त टाळूतून नवा उगवून. एवढं मनात पक्कं बसलं की जुन्या केसावर पैसे आणि जीव टाकणं थांबतं.

मी वेंगुर्ल्यात पार्लर चालवते. कॉलेजच्या मुली, बँकेत आणि शाळेत नोकरी करणाऱ्या बायका, गणपतीला मुंबईहून गावी आलेल्या माहेरवाशिणी, सगळ्या हल्ली एकच विचारतात: सरळ केस सोडायचेत, पण मधला काळ काढायचा कसा? माझे स्वतःचे केस कुरळे आहेत. स्मूदनिंग बंद करून ते मी इथल्याच हवेत आणि इथल्याच पाण्यावर वाढवले. त्यामुळे हे सगळं कोकणातल्या बाईसाठी लिहिते आहे. कोरड्या हवेच्या शहरात बसून दिलेला सल्ला जुलै महिन्यात मालवणात चालत नाही.

केसांवर नेमकं काय झालंय ते आधी ओळखा

‘केस सरळ केले’ म्हणजे काय केलं, हे बऱ्याच जणींना ठाऊकच नसतं. जिथे केलं तिथे विचारा, वापरलेल्या डब्याचा फोटो मागा.

केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो आणि त्याचं वळण टिकवून ठेवतात ते त्यातले गंधकाचे बंध. रिबॉन्डिंगमध्ये बहुधा अमोनियम थायोग्लायकोलेट लावून हे बंध तोडतात, तापलेल्या मशीनने केस सपाट करतात, आणि मग न्यूट्रलायझर लावून त्या सपाट अवस्थेतच बंध पुन्हा जुळवतात. स्मूदनिंग बऱ्याचदा याच जातीचं, जरा सौम्य. रिलॅक्सर याहून कडक. त्यात सोडियम हायड्रॉक्साइड किंवा ग्वानिडिन हायड्रॉक्साइड असतं, पीएच १२ च्याही वर, म्हणजे फार तीव्र क्षार, आणि तो बंध कायमचाच बदलून टाकतो. आफ्रिकी वंशाच्या बायका घट्ट कुरळ्या केसांसाठी तो पिढ्यान् पिढ्या वापरत आल्या आहेत. आपल्याकडे तो कमी दिसतो. थायोग्लायकोलेट आणि हायड्रॉक्साइड हे दोन प्रकार एकाच केसावर कधीही करू नका, केस अक्षरशः हातात येतो.

केराटिन ट्रीटमेंटचं वेगळं आहे. ती काही महिन्यांत धुण्याधुण्याने उतरत जाते आणि मूळ वळण बरंचसं परत येतं. पण दर वेळी मशीनची कडक उष्णता बसलेली असेल तर तोही केस जळून सरळच राहतो.

तब्येतीच्या काळजीने सोडू पाहणाऱ्याही आता येतात, आणि त्यांची काळजी खरी आहे. काही केराटिन ट्रीटमेंटमध्ये केस तापवताना फॉर्मल्डिहाइड बाहेर पडतं, आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था त्याला माणसात कर्करोग करणारा पदार्थ म्हणते. ‘फॉर्मल्डिहाइड नाही’ असं लिहिलेल्या काही मालात ग्लायऑक्सिलिक आम्ल असतं. २०२४ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एका २६ वर्षांच्या तरुणीची हकिगत छापून आली. असं आम्ल असलेलं क्रीम लावून केस सरळ केल्यावर तिच्या मूत्रपिंडाला इजा झाली, तीही तीन वेगवेगळ्या वेळी. अमेरिकेत ३३,४९७ बायकांवर सुमारे ११ वर्षं लक्ष ठेवून केलेला अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सरळ करणारी उत्पादनं वारंवार वापरणाऱ्यांमध्ये वयाच्या सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचा अंदाज ४.०५ टक्के आला, कधीच न वापरणाऱ्यांमध्ये १.६४ टक्के. हा संबंध दिसला आहे, कारण सिद्ध झालेलं नाही, हेही लक्षात ठेवा. तुम्ही आधीच केलं असेल तर घाबरून रात्र जागवू नका. पुढचं बंद करा, ते पुरे आहे.

आता आरशासमोर उभ्या राहा. केस धुवा, कंडिशनर लावू नका, कंगवा फिरवू नका. पाणी निथळू द्या. मुळापासून जिथपर्यंत केस वळतो तेवढा तुमचा, आणि जिथून तो सुतासारखा खाली लोंबतो तो जुना. एकच केस चिमटीत धरून बोट वरून खाली न्या, बदल बोटालाच कळतो. कानामागचा आणि मानेवरचा केस बहुतेक जणींचा वेगळा वळतो, तो अलग बघा.

जोड

वळणारा आणि लोंबणारा केस जिथे मिळतात त्या जागेला मी जोड म्हणते. पार्लरमध्ये कुणी काही विचारलं तरी मी शेवटी या जागेवरच येते. होडीच्या जुन्या दोराला नवा सांधला की ताण आल्यावर तो सांध्याशीच सुटतो, तसंच केसाचं आहे. वरचा केस ताणला की लांबतो, परत आखडतो. खालचा अशक्त, फुगीर, आणि मधली जागा दोन्हींकडून ओढली जाते. पुढे जे सांगते ते सगळं या जागी ताण येऊ नये म्हणून.

केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो, म्हणजे वर्षाला १२ ते १५ सेंटिमीटर. हा वेग कुठलंही तेल दुप्पट करत नाही. कुरळा केस सुकला की आखडतो, त्यामुळे १५ सेंटिमीटरचा नवा केस डोक्यावर नऊ-दहाचाच दिसतो. वर्षभर थांबून हनुवटीपर्यंत कुरळे केस येतील असं धरून चाललात तर हिरमुसाल. कानाशी येतील असं धरा. खांद्यापर्यंत यायला दोन-तीन वर्षं लागतात.

एकदम कापून टाकायचे की हळूहळू, हा तुमचा निर्णय, पण माझं मत सांगते. जोड मुळापासून चार-पाच सेंटिमीटरपेक्षा खाली उतरला असेल, चेहऱ्याला आखूड केस शोभत असतील आणि मनाची तयारी असेल, तर कापा. पुढची सगळी कटकट वाचते. ज्यांचं सहा महिन्यांत लग्न आहे, नुकतंच बाळंतपण झालंय किंवा घरात आधीच काही ताण आहे, त्यांनी हळूहळू जावं. हळूहळू म्हणजे दर दोन महिन्यांनी दीड-दोन सेंटिमीटर. यात लांबी जवळपास तेवढीच राहते आणि सरळ भाग मात्र कमी होत जातो. घरच्यांच्याही लक्षात येत नाही, हा एक फायदा. नाहीतर आजी दारातच विचारते, “केस कापलंस कित्याक गो?” तिला उत्तर एकच द्या, “वाढतले गो आजी,” आणि तिच्याकडूनच डोक्याला तेल लावून घ्या.

पाणी, तेल, जास्वंद

खाडीकाठच्या आणि समुद्राजवळच्या विहिरी एप्रिल-मे महिन्यात मचूळ होतात. त्या पाण्याने न्हाल्यावर केस सुकला की मिठाचा खरखरीतपणा राहतो आणि जोडापाशी गुंता धरतो. न्हायचं असेल ते न्हा, पण शेवटचा तांब्या-दोन तांबे गोड्या पाण्याचे घ्या, लांबच्या विहिरीचं आणावं लागलं तरी. पावसाळ्यात तर देवच पाणी देतो. पहिल्या काही सरींत कौलांवरची धूळ, शेवाळ, पाखरांची घाण वाहून जाऊ द्या, मग पागोळीखाली स्वच्छ कळशी लावा. पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, केस त्याने फार मऊ पडतो.

अंगाच्या साबणाची वडी केसाला लावू नका, क्षाराच्या पाण्यात तिचा पांढरट थर बसतो. सौम्य शॅम्पू आठवड्यातून दोनदा. शिकेकाई वापरत असाल तर पूड तशीच चोळायची नाही, उकळून, मलमलच्या फडक्यातून गाळून घ्या. पुडीचे कण जोडात अडकतात आणि काढताना केस तुटतो.

खोबरेल न्हाण्याच्या आधी लावा. २००३ साली मुंबईतल्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल तेल आणि खनिज तेल यांची तुलना केली होती. धुताना केसातलं प्रथिन वाया जाणं फक्त खोबरेलाने ठळकपणे कमी झालं, कारण त्यातलं लॉरिक आम्ल लहान आणि सरळ असल्याने केसाच्या आत शिरतं. संशोधक खोबरेल विकणाऱ्या कंपनीतलेच होते, हे सांगायला हवं, पण माझा पार्लरमधला अनुभवही तोच आहे. न्हाण्याआधी दोन-तीन तास, घाण्याचं असेल तर उत्तम, जोडापासून शेंड्यापर्यंत बोटांनी मुरवायचं. टाळूला थोडंच. कोंडा असेल तर टाळूला अजिबात नको, कोंड्याची बुरशी तेलावरच पोसते.

कंडिशनरच्या बाटल्यांपेक्षा मला दारातली तांबडी जास्वंद जास्त प्रिय आहे. दोन मुठी कोवळी-जून पानं धुवा, वाटीभर पाण्यात अर्धा तास ठेवा, मग हाताने कुस्करत राहा. हिरवा बुळबुळीत चिक सुटतो. तो फडक्यातून पिळून घ्या, चोथा राहता कामा नये. शॅम्पू झाल्यावर हा चिक ओल्या केसांना भरपूर लावा. आणि गुंता सोडवायचा तो आत्ता, केसात चिक असतानाच. कोरडे केस विंचरायचे नाहीत, हा नियम सरळ शेंडा संपेपर्यंत मोडू नका. आधी बोटं, मग मोठ्या दातांचा कंगवा. शेंड्याकडून सुरुवात करून वर वर या. विंचरताना दुसऱ्या हाताच्या मुठीत केस जोडाच्या वर धरून ठेवा, म्हणजे ओढ मुठीला बसते, जोडाला नाही. घाई असेल त्या दिवशी न्हाऊच नका.

तांदळाच्या धुवणाबद्दल सारखं विचारतात. महिन्यातून एखाद्या वेळी ठीक, रोज लावलं तर केस काडीसारखा ताठ होतो आणि ताठ केस वाकवला की मोडतो. लिंबू आणि खायचा सोडा तर डोक्याच्या जवळही आणू नका. नारळाचा रस मी पावसाळ्यात सांगत नाही, नीट निघाला नाही तर वास धरतो.

वर कुरळे, खाली सरळ: तोवर दिसायचं कसं

सगळ्यात जास्त मुली इथे हार मानतात. तीन-चार महिन्यांनी डोक्याजवळ फुगा आणि खाली शेपट्या असं दिसायला लागतं, आणि कुणाचं तरी लग्न येतं, मग पुन्हा मशीन हातात घेतात. मशीनने मात्र नवा, तुमचा असलेला केसही जळतो. महिनोन्महिने पाहिलेली वाट एका संध्याकाळी वाया जाते.

त्यापेक्षा सरळ भागालाच वळण द्या. केस ओला झाला की त्यातले काही कच्चे बंध सुटतात आणि सुकताना ज्या आकारात असेल त्या आकारात पुन्हा बसतात. पुढच्या न्हाण्यापर्यंत ते टिकतं. यासाठी जुन्या मऊ सुती साडीच्या बोटभर रुंद, वीतभर लांब पट्ट्या फाडा. न्हाल्यावर केस ओलसर, निथळते नकोत, तेव्हा छोट्या बटा घ्या. शेंड्याला पट्टी लावून बट जोडाच्या वरपर्यंत गुंडाळा, पट्टीची टोकं सैल गाठीने बांधा. पूर्ण सुकल्यावरच सोडा. वरचा कुरळा आणि खालचा गुंडाळलेला केस मग एकमेकांत मिसळून जातो. पट्ट्यांचा वेळ नसेल तर दोन पेडांचे पीळ घाला, तेही चालतात.

पकड हवी असेल तर जवस उकळा. दोन चमचे जवस दोन कप पाण्यात मंद आचेवर, सतत ढवळत. अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार दिसली की लगेच उतरवा आणि गरम असतानाच गाळा, गार झाल्यावर ते गाळता येत नाही. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं. बाहेर ठेवलंत तर आपल्या हवेत दुसऱ्याच दिवशी आंबतं.

लग्नाला खोपा किंवा अंबाडा घाला, त्यात दोन जातींचे केस कुणाला दिसत नाहीत. आकडे जोडावर खोचू नका आणि रबर तर नकोच, कापडी बंध वापरा. अबोलीचा गजरा, फेब्रुवारी-मार्चमध्ये आरवलीकडून येणारा सुरंगीचा वळेसर, हे अंबाड्याभोवती सैल गुंडाळून माळा. वजनाने केस खाली ओढला जाईल असं एका जागी टोचून लटकवू नका.

पावसाळा

कोकणात केसांची परीक्षा जून ते सप्टेंबर. हवेतली आर्द्रता केसात शिरते, तो फुगतो, आणि ज्याचा वरचा थर रसायनाने उघडा पडलाय तो सरळ भाग नव्यापेक्षा जास्त पाणी ओढतो. म्हणून शेंडे विस्कटतात. या दिवसांत बाटलीवर ग्लिसरीन पहिल्या चार-पाच नावांत असेल तर ती बाजूला ठेवा, ते हवेतलं पाणी आणखी ओढून घेतं. जवसाचं जेल हातावर थोडं खोबरेल घेऊन त्यात मिसळून लावा, वर एक पातळ थर बसतो.

खरा धोका मात्र फुगण्याचा नाही, ओलीचा आहे. कुरळा केस आत ओला राहतो. रात्री न्हाऊन तसंच झोपलं, किंवा ओल्या केसांची वेणी घालून एसटीत बसलं, की टाळूला कुबट वास येतो, खाज सुटते, आणि फुगलेला ओला केस जोडाशी दिवसभर दाबला जातो. सकाळी लवकर न्हा. पंचाने चोळू नका, जुना सुती टी-शर्ट डोक्याला गुंडाळून पाणी टिपून घ्या, मग पंख्याखाली बसा. वीज गेली तर चुलीजवळ केस सुकवायला बसू नका, त्या दिवशी न्हाणं पुढे ढकला. ड्रायर असेल तर गार हवेवर, लांबून.

स्कूटरवरून ये-जा करणाऱ्यांनी हेल्मेटच्या आत साटीनचा रुमाल बांधावा. उशीलाही साटीनचा अभ्रा घाला, सुती कापडावर केस रात्रभर घासतो. समुद्रात उतरायचं असेल तर आधी केस गोड्या पाण्याने भिजवा आणि तेल लावा. भिजलेला केस खारं पाणी कमी घेतो.

गळतोय की तुटतोय

कंगव्यात आलेला केस उजेडात धरा. एका टोकाला पांढरी बारीक गाठ दिसली तर तो मुळापासून गळलेला. दिवसाला ५० ते १०० केस गळणं निरोगी माणसातही चालतं, आणि दोन-तीन दिवस विंचरलं नाही तर तेवढ्या दिवसांचे एकदम येतात. गाठ नाही, तुकडा आखूड, तर तो तुटलेला. तुकडे सगळे एकाच लांबीचे असतील तर जोड सुटतोय. मग थांबू नका, पुढचा कट लवकर घ्या आणि थोडा जास्त घ्या.

ताप, टायफॉइड किंवा बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी केस झुबक्याने गळतात. त्याचा दोष जास्वंदीला किंवा खोबरेलाला देऊ नका, बहुधा काही महिन्यांत ते थांबतं. पण गोल चकती पडली, टाळू दुखतेय, खपल्या धरतायत, किंवा कपाळावरची रेषा मागे सरकतेय, तर पार्लर सोडा आणि त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. हिमोग्लोबिन, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड यांची तपासणी करायची का, हेही विचारा. आपल्याकडे बायका अंगावर काढतात आणि माझ्याकडे तेल मागायला येतात. मी त्यांना तेल देत नाही, दवाखान्यात पाठवते.

रंगाबद्दल थोडक्यात. सरळ शेंडे असेपर्यंत ब्लीच नाही. मेंदी चालते, पण शुद्ध हिरवी पूड, आणि नंतर तेल, कारण मेंदीने केस कोरडा पडतो. ‘काळी मेंदी’ ही मेंदी नसून बहुधा रंग असतो, त्यात पीपीडी नावाचं रसायन असतं आणि ते अनेकांना बाधतं.

शेवटचा कट

सरळ भाग चार-पाच बोटं उरला की तो ठेवण्यात काही अर्थ नाही. गणपतीच्या किंवा लग्नाच्या आदल्या आठवड्यात कापू नका, नव्या केसांची सवय व्हायला थोडे दिवस हवेत. कापायला जाताना केस धुतलेले, पूर्ण सुकलेले, बिनतेलाचे असू द्या, आणि कात्री लावणारीला तीन गोष्टी आधीच सांगा: सुक्या केसावर कापायचं, एकेक बट धरून जोडाच्या एक सेंटिमीटर वर कापायचं, आणि विरळ करणारी कात्री किंवा वस्तरा वापरायचा नाही. ओले करून एका रेषेत कापलेले कुरळे केस सुकल्यावर वेडेवाकडे आखडतात.

वजन उतरल्यामुळे पहिले काही आठवडे वळण बदलत राहतं. पुढचे केस आखडून वर येतात, मानेवरचे मागे राहतात. लगेच पुन्हा कापायला धावू नका, दोन महिने जाऊ द्या. कापडाच्या पट्ट्या आता नकोत. जास्वंद चालू ठेवा. खोबरेल मात्र निम्म्यावर आणा, कारण जास्त तेल पिणारे शेंडे आता गेलेत, आणि तेवढंच लावत राहिलात तर नवं वळण चपटं पडेल.